टीव्हीवरच्या मॅडम

बाबांनी डाव्या हातानं फोन बाजूला सारला. तो सोफ्यावरून घसरून चटईवर पडला आणि बाबांनी मान खिडकीकडे फिरवली. सकाळचा सराव संपला. खरं तर तो सुरूच झाला नव्हता.

सुनेनं फोन उचलला, काचेला तडा गेला नाही ना ते पाहिलं आणि तशीच उभी राहिली. पडद्यावर वाचा-उपचाराच्या मॅडम अजून जीभ बाहेर काढून थांबल्या होत्या.

"त्यांना आत्ता नकोय गं," सासूबाई आतून म्हणाल्या. "मग करतो म्हणतायत."

"आई, बाबा काहीच म्हणाले नाहीत."

"मला कळतं ना."

हेच तर होतं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बाबांच्या वतीनं बोलायचं खातं आईंनी परस्पर स्वतःकडे घेतलं होतं. चहा हवा का विचारलं तर उत्तर आई देणार. डॉक्टरांनी झोप लागते का विचारलं तरी आईच सांगणार, वर कुठल्या कुशीवर तेही सांगणार. बाबांना समजत सगळं होतं. शब्दही डोक्यात जागच्या जागी होते. फक्त जीभ आणि तोंडाची उजवी बाजू ऐकत नव्हती, त्यामुळे उच्चार चिखलातून पाय ओढत यावा तसे बाहेर येत. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसातला एक जुना सोबती भेटायला आला होता. बाबांनी मोठ्या कष्टानं त्याला काहीतरी विचारलं. त्याला ते कळलं नाही, आणि तो हसून "बरं बरं" म्हणाला. त्या 'बरं बरं'नंतर बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

मॅडम दर पंधरवड्याला घरी येत. मागच्या खेपेला जाताना, पायात चपला सरकवत असताना, त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "हे बघा, स्नायू शाबूत आहेत. पण वापरले नाहीत तर आहेत तसेच बसतील, मग मीही काही करू शकणार नाही. रोजचे धडे रेकॉर्ड करून पाठवलेत. पुढच्या भेटीत सराव झालेला दिसला नाही, तर ही वेळ मी दुसऱ्या पेशंटला देईन. माझ्याकडे माणसं थांबलीयत. वाईट वाटून घेऊ नका."

सुनेनं वाईट वाटून घेतलं नाही. तिच्या पोटात गोळा आला, एवढंच. अर्थात तो तिच्या पोटात बहुतेक वेळ असायचाच. तिची दोन वर्षांची लेक भिंगरी खोकली की गोळा, खोकली नाही आणि फार वेळ गप्प बसली तरी गोळा. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला तिनं स्पंज चिकटवला होता, आणि खिडकीच्या गजांमधून पोरीचं डोकं जातं का हे पोरीचं डोकं लावून पाहिलं होतं. पण ती सगळी भीती मोकाट होती, कुठूनही यायची. या भीतीला मात्र तारीख होती. आणि तारीख असली की निदान तिच्या आधी काहीतरी करता येतं.

फोन बाबांना का नको, हे तिनं दोन दिवस नीट निरखलं. सून फोन हातात धरून बाबांच्या तोंडासमोर न्यायची. अगदी तश्शीच ती भिंगरीच्या तोंडासमोर चमचा न्यायची, तोच सोफा, तोच कोन. आणि जेवताना भिंगरीला त्याच फोनवर बदकं दाखवायची. बाबांनी आयुष्यभर वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून नोकरी केलेली. दुकानात शिरले की दुकानदार उभा राहायचा. ज्यावर शिक्का नाही ते माप त्यांच्या लेखी मापच नव्हतं. अशा माणसाला सुनेनं बदकांच्या फोनवरून जीभ बाहेर काढायला सांगायचं म्हणजे जरा अतीच होतं.

पण टीव्हीची गोष्ट वेगळी होती. संध्याकाळच्या बातम्यांना बाबा शर्टाची बटणं लावून बसत. आजारपणातही तो नेम मोडला नव्हता. टीव्हीवरचा माणूस काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, पटो न पटो.

"टीव्हीवर लावते," ती स्वतःशीच म्हणाली.

"काय?" आई.

"मॅडमना टीव्हीवर लावते."

"त्या कशाला येतील टीव्हीवर? त्या काय बातम्या देतात?"

नवरा शीतगृहात यंत्रं सांभाळायचा. मागे कॉम्प्रेसरची घरघर आणि पुढे त्याचा आवाज, असाच त्याचा फोन यायचा. "मी रविवारी बघतो," तो ओरडून म्हणाला. "नाहीतर सरळ नवा टीव्ही घेऊ."

"रविवारी नको. सोमवारी मॅडम येणारेत. एका दिवसात काय सराव होणार?"

"मग तार लाव. मागे भोकं असतील बघ."

"मागे भिंत आहे," ती म्हणाली, आणि पुढचं तिला आठवलं म्हणून तिनं फोन ठेवला.

टीव्ही भिंतीला अगदी चिकटून बसवला होता तो तिच्याच हट्टानं. भिंगरी रांगायला लागली तेव्हा टीव्ही टेबलावर होता, आणि तो पोरीच्या अंगावर पडल्याचं चित्र हिच्या डोळ्यांसमोरून हलेना. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "ताई, हात जाईल एवढी जागा ठेवू या." ती म्हणाली, "हात जाईल एवढीसुद्धा नको." त्यानं नाही ठेवली.

तर मग बिनतारी. फोनवरचा व्हिडिओ वायफायवरून टीव्हीला पाठवता येतो हे तिला ठाऊक होतं. वायफाय त्यांचं आणि वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं सामायिक होतं. डबा डॉक्टरांच्या घरी, बिल अर्धंअर्धं. दुपारी भिंगरी झोपल्यावर तिनं टीव्ही सुरू केला, फोनवर पहिला धडा उघडला आणि 'टीव्हीवर दाखवा'वर बोट ठेवलं. यादीत वरच 'दिवाणखाना' असं नाव आलं. तिनं ते दाबलं. फोन म्हणाला, चालू आहे. टीव्हीवर मात्र बातम्याच दिसत राहिल्या. तिनं पुन्हा दाबलं. आवाज कमी असेल म्हणून फोनवरून आवाज शेवटपर्यंत वाढवला.

"होईल आता," ती बाबांना म्हणाली. बाबा शर्टाचं वरचं बटण लावून टीव्हीकडे बघत होते.

थोड्या वेळानं दार वाजलं. दारात दाताचे डॉक्टर, पायात घरच्या सपाता, हातात रिमोट.

"वहिनी, एक विचारायचं होतं. आमच्या टीव्हीवर एक बाई केव्हाची जीभ दाखवतेय, आणि बंद केली तरी पुन्हा येतेय. तुमच्याकडे पण येतेय का?"

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "डॉक्टर, माझ्याकडूनच आली ती. सॉरी. बाबांसाठी लावत होते."

"हां, मग ठीक. मला वाटलं दवाखान्यातलीच कुणी मागे लागली. दिवसभर लोक माझ्यापुढे 'आ' करून बसतात, आता घरी पण म्हटल्यावर बायको म्हणाली, आधी खाली जाऊन बघून या." ते आत डोकावून बाबांना म्हणाले, "काय साहेब, बरं आहे ना?"

"बरं आहे म्हणतायत," आई म्हणाल्या.

बाबांनी डोळे मिटले.

दोन्ही घरचे टीव्ही एकाच वर्षी घेतलेले आणि दोघांचंही नाव कारखान्यातून आलं तेच, 'दिवाणखाना'. यादीत ते एकाखाली एक होते, तिनं वरचं दाबलं होतं. डॉक्टर गेल्यावर तिनं खालचं दाबलं, आणि बातम्या जाऊन मॅडम आल्या. उभ्या पट्टीत, दोन्हीकडे काळं, पण आल्या.

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "ताठ बसा. माझ्याबरोबर करायचं आहे. मोठा 'आ' करा आणि मी थांबेन तोवर धरून ठेवा."

बाबा ताठ बसले. बाबांनी 'आ' केला. उजवीकडून तोंड जरा कमी उघडलं, पण उघडलं. मॅडमचंही तोंड उघडं, बाबांचंही उघडं. बाबा धरून राहिले. मॅडम धरून राहिल्या. बाबांच्या मानेची शीर दिसायला लागली, ओठाच्या कडेनं लाळ ओघळली, तरी ते धरून राहिले, कारण मॅडम थांबल्या नव्हत्या.

मग सुनेच्या लक्षात आलं, की मॅडमची पापणीही हललेली नाही. पडद्याच्या मधोमध एक बारीकसं वर्तुळ फिरत होतं. वरती कुणीतरी काहीतरी बघायला लागलं असणार. वायफाय अडकलं होतं.

"बाबा, थांबा, बंद करा, ते अडकलंय—"

बाबांनी तोंड मिटलं. आधी टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रुमालानं ओठ पुसला, बाजूचा रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत गेले. त्या संध्याकाळी ते बातम्यांनाही बाहेर आले नाहीत.

"तू उगाच त्रास देतेस त्यांना," आई भांडी आवरताना म्हणाल्या. आवाजात राग कमी, रडू जास्त होतं. "नाही बोलले तर नाही बोलले. मी आहे ना. मला सगळं कळतं त्यांचं."

"काल तुम्ही त्यांना दोनदा दूध दिलंत, आई. त्यांना दुसऱ्यांदा नको होतं."

"त्यांनी प्यायलं की."

"कारण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं."

आईंच्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात बसलं. त्या सबंध संध्याकाळभर सुनेच्या डोळ्यांसमोर ते उघडं तोंड होतं. माणूस करायला तयार होता. इतक्या मनापासून करत होता की अडकलेल्या चित्राबरोबर तोही अडकून राहिला. त्याला फशी पाडलं ते टीव्हीनं, म्हणजे तिनं. आणि ह्या धड्यांमध्ये मॅडम जागोजाग मुद्दाम थांबणार. त्या थांबल्यात की वायफाय थांबलंय, हे बाबांनी कसं ओळखायचं? वाऱ्यावरून येणारा धडा कामाचा नव्हता. धडा टीव्हीच्या आत, पेन ड्राइव्हवर हवा. म्हणजे भिंतीवरून टीव्ही उतरवायला हवा.

सकाळी न्याहारी झाल्याबरोबर तिनं आतली गादी ओढत आणून टीव्हीखाली अंथरली. वर दोन उशा ठेवल्या. भिंगरीला उंच खुर्चीत बसवून पट्टा लावला, पुढ्यात केळ्याचे तुकडे दिले. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती भिंतीशी गाल टेकून टीव्हीच्या खालच्या कडेला बघायला लागली.

"हे काय चाललंय?" आई.

"टीव्ही उतरवतेय. एक बाजू तुम्ही धरायची."

"मी? मला नाही जमणार बाई. पडला म्हणजे?"

"गादी आहे खाली."

"माझ्यावर पडला म्हणजे?"

"मग तुम्ही गादीवर पडाल. आई, मला एकटीला उचलणार नाही, आणि रविवारची वाट मी बघणार नाही."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, आईंनी हात पुसले. हीच सून कुलूप लावलं का बघायला जिन्यातून परत वर येणारी, दूध उतू जाताना नुसती "आई, आई" करणारी. ती आता दातांत स्क्रू धरून भिंतीला खेटली होती. खालचे दोन स्क्रू ढिले झाले. "आता वर उचलायचा आणि पुढे घ्यायचा," ती म्हणाली. दोघींनी उचलला. हलेना.

आतल्या दाराला टेकून बाबा उभे होते. केव्हा आले कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी डावं बोट टीव्हीच्या मध्यावर, खालच्या बाजूला रोखलं.

"दमून जाल म्हणतायत," आई म्हणाल्या.

"नाही," सून म्हणाली. ती त्या बोटाच्या रोखानं वाकली. मध्ये, पट्टीच्या आडोशाला, तिसरा स्क्रू होता. तोही तिच्याच हट्टाचा असणार. तो काढल्यावर टीव्ही आकड्यांवरून अलगद सुटला, दोघींच्या हातांत आला आणि आईंच्या तोंडून "आई गं" निघालं. गादीवर टेकवल्यावर दोघी शेजारीच बसल्या. भिंगरीनं केळ्याच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

पेन ड्राइव्हची जागा मागे तळाशी, जळमटात सापडली. तिथून तिनं एक जोडवायर काढून खालून बाहेर घेतली, बोटभर टोक दिसेल अशी. टीव्ही पुन्हा जागेवर गेला. तिन्ही स्क्रू तिनं पिळले, मग परत एकदा पिळून पाहिले. हे काही तिला सोडवत नव्हतं.

धडे पेन ड्राइव्हवर घालून तिनं लावले. पडदा काळा. काळ्यातून मॅडमचा खणखणीत आवाज आला, "आता फक्त माझ्या ओठांकडे लक्ष द्या."

"कुठं आहेत ओठ?" आईंनी विचारलं. त्यांनी चष्मासुद्धा पुसला.

बाबा खुर्चीत बसले नव्हते. ते दारातच होते. काळ्या पडद्याकडे बघून त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि आत गेले.

रडू यायच्या आत सुनेनं कॉलेजातला लॅपटॉप कपाटावरून काढला. त्याची बॅटरी कधीच मेली होती, तार काढली की तोही मरायचा. पण तारेवर तो चालू झाला. तिनं वाचायला सुरुवात केली. रसायनशास्त्रात पदवी घेताना तिनं एक गोष्ट अंगी मुरवून घेतली होती, की प्रयोग फसला तर बाटलीवरचं लेबल नाही, बाटलीत काय आहे ते बघायचं. इथेही तसंच निघालं. फाइलच्या नावात टिंबानंतर येणारं आडनाव टीव्हीला ओळखीचं होतं, पण मॅडमच्या नव्या फोननं चित्र आतमध्ये नव्या पद्धतीनं घडी घालून ठेवलं होतं. त्यांच्या जुन्या टीव्हीला ती घडी उलगडता येत नव्हती. आवाज जुन्याच पद्धतीचा, तो ऐकू येत होता. म्हणजे चित्र उलगडून टीव्हीला समजेल अशा जुन्या घडीत परत घालायला हवं होतं. त्याचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं.

दुपारभर लॅपटॉप पंख्यासारखा आवाज करत धडे बदलत बसला. भिंगरी उठली, तिला मांडीवर घेऊन, तिचे हात कळफलकापासून लांब धरून, सुनेनं आणखी एक गोष्ट केली. मॅडमचा व्हिडिओ उभा होता. टीव्हीवर त्यांच्या अंगावरची ओढणी, मागचं कॅलेंडर, सगळं दिसायचं आणि तोंड मात्र इवलंसं. तिनं चौकट कापली. नाकापासून हनुवटीपर्यंत, बस. बाकीच्या मॅडम गेल्या तरी चालणार होतं.

संध्याकाळी तिनं पेन ड्राइव्ह लावला आणि भिंतीभर एक तोंड उघडलं.

भिंगरी किंचाळून आजीच्या मागे गेली. मग एक डोळा बाहेर काढून बघायला लागली. मग जीभ बाहेर काढली.

"अगं बाई," आई म्हणाल्या. "दाढेत भरलेली चांदी पण दिसतेय. मॅडमना माहितीये का तू असं काही करतेयस?"

"नंतर सांगेन."

आवाज होता. चित्र होतं. ते अडकत नव्हतं. फक्त बाबांची खुर्ची रिकामी होती. आतून पलंगाची करकर ऐकू आली, म्हणजे ते जागे होते. ती त्यांना बोलवायला दारापर्यंत गेली, आणि तिथूनच परत फिरली. दोनदा बोलावलं होतं, दोनदा तोंडघशी पाडलं होतं. तिसऱ्यांदा बोलावलं तर ते येतील कशाला?

ती चटईवर बसली. "आई, बसा. आपण करू."

"आपल्याला काय झालंय?"

"काही नाही. तरी बसा. अगं भिंगे, तू पण."

"गाल फुगवा," पडद्यावरचं तोंड म्हणालं. "हवा धरून ठेवा. सोडू नका." तिघींनी गाल फुगवले. सुनेला जमलं. भिंगरीची हवा फुर्रकन सुटली, थुंकीसकट. आईंनी गाल फुगवले, पण दोन श्वासांत सोडून दिले आणि म्हणाल्या, "झालं. पुढे काय?"

"आई, त्या अजून धरून आहेत."

"तेवढं पुरे. कळलं मला काय करायचं ते."

मागून टक् असा आवाज आला. बाबा दारात उभे होते आणि त्यांनी बोटाच्या पेरानं चौकटीवर टकटक केली होती. दुकानदारानं काटा स्थिर होण्याआधीच पारडं उचललं की ते अशीच टकटक करत, हे आईंना माहीत होतं; चुकीचं माप त्यांना कधी बघवलंच नाही. त्यांनी आईंच्या गालांकडे बोट केलं, मग पडद्याकडे, आणि हात हवेत तसाच धरला. अजून. अजून.

"बघा आता," आई पुटपुटल्या, पण त्यांनी गाल पुन्हा फुगवले.

बाबांचा हात वरच. आईंचे डोळे मोठे झाले, नाक लाल झालं. हात खाली आला तेव्हाच त्यांनी हवा सोडली. "जीव जाईल माझा," त्या म्हणाल्या. बाबा तोवर खुर्चीपर्यंत आले होते. बसले. शर्टाच्या बटणावर एकदा बोट फिरवलं. पडद्यावरच्या तोंडानं पुन्हा गाल फुगवले आणि या वेळी बाबांनीही फुगवले. उजव्या बाजूनं हवा निसटली. त्यांनी डाव्या हाताचं बोट उजव्या ओठावर दाबून धरलं आणि पुन्हा फुगवले.

सून फक्त पडद्यावर फिरणारं वर्तुळ येत नाही ना, यावर नजर ठेवून होती.

"कसं वाटतंय?" धडा संपल्यावर तिनं विचारलं. विचारताना तिनं बाबांकडे पाहिलं, आणि सवयीनं आईंकडे. पण दुसरा धडा लागलीच सुरू झाला होता आणि आईंच्या तोंडात पुन्हा हवा होती. त्यांनी फुगलेल्या गालांनी मान हलवली. उत्तर द्यायला घरात एकच तोंड मोकळं होतं.

"ब...रंय," बाबा म्हणाले.

ते 'बरंय' धड नव्हतं. 'र' कुठे होता ते शोधावं लागलं असतं. पण ते कुणी दुसऱ्यानं म्हटलेलं नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी, आणि शनिवारी तर बातम्या सोडून, चौघंजण टीव्हीसमोर तोंडं करत बसली. नवरा शनिवारी लवकर घरी आला. दारातूनच त्याला चार उघडी तोंडं दिसली आणि पाचवं भिंतीएवढं. तो चपला काढायच्या आधी म्हणाला, "मी चुकीच्या घरात आलो का?" बाबांनी त्याला बोटानं खाली बसायला सांगितलं. तोही बसला. आईंना तिसऱ्या धड्याचा कंटाळा यायचा, कारण त्यात मॅडम शब्द सांगत आणि तो परत म्हणायला वेळ देत. त्या वेळात बाबा शब्द जुळवत असायचे आणि आईंच्या तोंडात तो आयता तयार असायचा. एकदा सुनेनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्यांदा बाबांनी पाहिलं. तिसऱ्यांदा आईंनी स्वतःच गाल फुगवून घेतले.

सोमवारी मॅडम आल्या. दारातच त्यांनी घड्याळ पाहिलं, कारण पुढं कुठेतरी पोहोचायचं होतं. खुर्चीत बसल्या, पण खांद्यावरची पिशवी काही उतरवली नाही. टीव्हीवर काय काय केलं ते सांगायला सुनेनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं तिचं नव्हतंच.

"काय साहेब, सराव झाला?" मॅडमनी विचारलं.

आईंनी श्वास आत घेतला. सुनेला वाटलं, आता आल्या, आता बोलल्या. पण आईंनी तो श्वास गालांत भरला आणि डोळे मोठे करून, ओठ घट्ट मिटून बसून राहिल्या.

बाबांनी मान हलवली. मग तेवढ्यानं भागणार नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. त्यांनी जीभ एकदा वरच्या दातांवरून फिरवली, पहिल्या धड्यात होती तशी.

"ति...सरा," ते म्हणाले.

"तिसरा?" मॅडम पुढे सरकल्या. "तिसरा काय?"

कुणी मदत केली नाही. भिंगरीचा पाय खुर्चीवर आपटत होता, सुनेनं तो हातानं धरला.

"तिसरा... धडा." बाबा थांबले. रुमाल ओठाला लावला, खाली ठेवला. "वेळ... कमी... देता."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या हसल्या नाहीत, आणि त्यांनी 'बरं बरं'ही म्हटलं नाही. "शब्द सांगून मी लगेच पुढे जाते, असं म्हणताय?"

बाबांनी बोट वर केलं. बरोबर.

"किती वेळ हवा?"

बाबा विचारात पडले. उत्तर त्यांच्याजवळ होतं, ते दिसत होतं; ते त्याला तोंडाच्या डाव्या बाजूनं वाट काढून देत होते. सून, आई, मॅडम, तिघी थांबल्या. फळीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा चालला होता. आईंचे गाल लाल व्हायला लागले.

"दु...प्पट," बाबा म्हणाले.

मॅडमनी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली आणि खुर्ची त्यांच्यासमोर ओढून घेतली.